शंभर धरलेला माणूस

चाचणीच्या चौथ्या वर्षी सगळ्याच रुग्णांच्या पांढऱ्या पेशी सुधारल्या. औषध घेणाऱ्यांच्या सुधारल्या, तशा न घेणाऱ्यांच्याही सुधारल्या. रुग्ण मात्र पूर्वीइतकेच मरत होते.

हे आकडे घेऊन विभागाचा आकडेतज्ज्ञ टेबलापाशी आला, तेव्हा ताईने चष्मा पुसून कागद पुन्हा पाहिला.

"बस. ही चांगली बातमी नाही."

"वाईट कशी? सगळे आलेख वर चाललेत."

"कोंबडं झाकलं तरी उजाडतंय. म्हणजे उजाडण्याचं कारण कोंबडं नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि ते आपल्याला माहीत नाही."

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, कारण तिचा धाकटा भाऊ तसे म्हणे आणि तो दर गुरुवारी तिथे येई. तिची सारी कारकीर्द एका प्रश्नात गेली होती: विषाणूच्या तापातून सावरत आलेला माणूस नंतर एखाद्या साध्या जंतूने का दगावतो? अर्धे उत्तर तिने स्वतः शोधले होते. पांढरी पेशी जंतूला गिळते, मग एकदम ऑक्सिजन ओढून घेते आणि त्यापासून जंतूला मारणारे विष बनवते. त्या क्षणी पेशीतून अगदी मंद उजेड निघतो, डोळ्याला न दिसणारा पण यंत्राला दिसणारा. विषाणू येऊन गेलेल्या माणसाची पेशी जंतूला गिळते, पण पेटत नाही. "घास तोंडात धरून बसलेल्या हट्टी पोरासारखी," असे ती विद्यार्थ्यांना सांगे. ती पेटावी कशी, हे उरलेले अर्धे उत्तर. त्यासाठीच एका जुन्या, स्वस्त औषधाची चाचणी चालू होती.

उजेड मोजण्यात एक अडचण असते. यंत्र आणि रसायने रोज सारखी वागत नाहीत. म्हणून त्या त्या दिवशी एका निरोगी माणसाचे ताजे रक्त घ्यायचे, त्याच्या पेशींचा उजेड शंभर धरायचा आणि रुग्णांच्या पेशी त्याच्याशी ताडून पाहायच्या. ताईच्या गुरूंचा दंडक होता की मोजपट्टी एकच असावी. दर वेळी नवा माणूस आणाल, तर माणसामाणसांतला फरकच मोजत बसाल. ताईने तो दंडक पाळला. तिची मोजपट्टी म्हणजे तिचा भाऊ.

तो लिफ्ट दुरुस्त करत असे. प्रयोगशाळेने त्याला 'शंभर' हे नाव पाडले होते आणि ते त्याला मनापासून आवडले होते.

"शाळेत पस्तीसच्या वर कधी गेलो नाही," बाही वर सारत तो रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञ मुलीला सांगे. "इथे नुसता हात पुढे केला की शंभर. ताई, बाबा असायला हवे होते."

"बाबांनी पेपर फेरतपासणीला दिला असता," ताई म्हणे.

सुई टोचण्याआधी ती स्वतः तीन प्रश्न विचारत असे. ताप? सर्दी? काही औषध? तो "नाही, नाही, नाही" असे एका दमात म्हणे, पाढा म्हटल्यासारखे. एका जरी प्रश्नाला 'हो' आले असते, तर त्या दिवशीचे सारे नमुने फेकून द्यावे लागले असते. रक्त दिल्यावर तो शेजारच्या खोलीत बसे, ताई यंत्र लावून तिथे येई आणि दोघे चहा पीत. भावाबहिणीची भेट म्हणायची ती एवढीच. ताईचे त्याच्या घरी जाणे कधीच मागे पडले होते. कामाचे कारण खरे होते आणि सोयीचेही होते.

आता ती कारण शोधू लागली. पहिला संशय रसायनावर गेला; नवे मागवले, फरक पडला नाही. मग यंत्र उघडून तपासून घेतले, तर ते ठणठणीत निघाले. मग तंत्रज्ञ मुलीच्या हातावर संशय. ताईने नळ्यांवरची नावे झाकून सांकेतिक खुणा घातल्या.

"माझ्यावर विश्वास नाही का मॅडम?" मुलीने विचारले.

"माझाही माझ्यावर नाही. मनाला लावून घेऊ नकोस."

झाकलेल्या नळ्यांनीही तेच सांगितले. रुग्ण सुधारत होते, आणि वॉर्डात त्यांच्या खाटा रिकाम्या होत होत्या.

दरम्यान इतर काही गोष्टी घडत होत्या, पण त्या प्रयोगाचा भाग नव्हत्या. पूर्वी भावाच्या एका नळीत पुरेशा पेशी मिळत, तिथे आता दोन नळ्या लागत. प्रत्येक चाचणीत पेशी मोजून सारख्याच घालायच्या असल्याने दुसरी नळी काढली की काम भागत होते. पेशी वेगळ्या करणारे द्रावण बरे नसेल, असे ताईला वाटले. एकदा इमारतीची लिफ्ट बंद होती, तेव्हा तो जिना चढून आला आणि दारातच भिंतीला टेकला. "लिफ्टवाला जिन्यात धापा टाकतोय," तो म्हणाला, "पेपरात छापा." सगळे हसले. भावजयीचा एकदा फोन आला होता.

"वन्सं, ह्यांना झोपेत फार घाम येतो. बारीक तापही असतो. तुम्ही जरा बघाल का?"

"घरच्यांवर मी वैद्यकी करत नाही," ताई म्हणाली होती. "माया मध्ये आली की नजर बिघडते. त्याला डॉक्टरकडे पाठव."

नियम चांगला होता. भाऊ डॉक्टरकडे गेला नाही. ताईने पुन्हा विचारले नाही.

संशयितांची रांग संपत आली. उरलेल्याचे नाव तिने रांगेत घातलेच नव्हते, कारण शंभर ही संख्या आहे आणि संख्येत बिघाड होत नाही. एका गुरुवारी, भाऊ रक्त देऊन चहाच्या खोलीत गेल्यावर, ती त्याच खुर्चीवर बसली आणि तिने हात पुढे केला.

"माझं घे. त्याच्या शेजारी लाव."

यंत्राने दोघांचा उजेड मोजला. भावाचा उजेड बहिणीच्या निम्माही नव्हता. बहिणीचा उजेड शंभर धरून रुग्ण ताडले, तेव्हा ते जिथल्या तिथे होते, पहिल्या वर्षी होते तिथेच.

मग तिने आजवर न केलेली गोष्ट केली. भावाच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला. रुग्णांच्या काचा रंगवून पाहण्याची पद्धत होती. निरोगी दात्याची काच कोणी रंगवत नसे, शंभराकडे कशाला बघायचे. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी दाणेदार दिसायला हव्या होत्या, त्या कोऱ्या दिसल्या. केंद्रकांचे नुसते दोन गोळे, चष्म्याच्या काचांसारखे. आणि मधूनमधून मोठ्या, अर्धकच्च्या पेशी, ज्यांनी हाडातल्या मज्जेतून बाहेर पडायचेच नसते. हे चित्र ती दर वर्षी विद्यार्थ्यांना दाखवत असे आणि विचारत असे, काय चुकले आहे? शहाणी मुले लगेच सांगत.

ती चहाच्या खोलीत गेली. भाऊ बिस्कीट बुडवत होता.

"काय गं, चेहरा असा? नापास झालो की काय?"

"गेल्या वर्षभरात ताप येत होता तुला?"

"मधूनमधून."

"सर्दी?"

"ती काय, येऊन जाऊन असतेच. हिरड्या सुजतात. गळवं येतात, जातात."

"मी दर गुरुवारी विचारते. तू नाही म्हणतोस."

"हो म्हटलं असतं तर?"

"परत पाठवलं असतं."

"मग झालं तर." कपाच्या तळाशी गेलेला बिस्किटाचा तुकडा त्याने चमच्याने काढला. "तुझ्या नळ्या वाया, तुझा दिवस वाया. आणि चहा कोणाबरोबर प्यायचा? तू काही घरी येत नाहीस."

ताई त्याच्यासमोर बसली. आधी तिने त्याच्या पेशींबद्दल सांगितले, मग आकड्यांबद्दल, जितके सरळ सांगता येईल तितके सरळ. आकडेतज्ज्ञाला दुसऱ्या दिवशी समजायला वेळ लागला. भावाला लागला नाही.

"म्हणजे मागच्या वजनासारखं," तो म्हणाला. "लिफ्टच्या पेटीला तोलायला एक लोखंडी वजन टांगलेलं असतं. दिसत नाही कोणाला. ते खाली आलं की पेटी वर जाते."

"हो."

"मी खाली आलो, म्हणून तुझे पेशंट वर गेले."

"हो."

"आणि ते वजन परत वर नेता येतं का गं?"

"बघू," ताई म्हणाली. हा शब्द तिने त्या इमारतीत कधी वापरला नव्हता.

रक्ताच्या डॉक्टरांनी मज्जेचा तुकडा काढून तपासला. आजार मज्जेचाच होता, सावकाश वाढणारा, आणि आता सावकाश राहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आला असता, तर दुसऱ्याची मज्जा घालून बरा होण्याची बरीच शक्यता होती, असे ते म्हणाले. ताईची मज्जा जुळते का, ते तिच्या रक्तावरून तपासले. ती पूर्ण जुळली. सख्ख्या भावंडांतही असे चारांत एकदा होते. ताई म्हणाली, उद्या काढा. डॉक्टर म्हणाले, अंगात कुठला संसर्ग नाही असे काही आठवडे मिळाले पाहिजेत.

ते मिळाले नाहीत. भावाला सर्दी झाली, कोणालाही होते तशी. विषाणू येऊन गेला. त्याच्यामागून एक साधा जंतू छातीत उतरला, जो धडधाकट माणसांच्या घशात निमूटपणे राहतो. भावाच्या उरल्यासुरल्या पेशींनी त्याला गिळले. त्या पेटल्या नाहीत. जगात ज्या गोष्टीबद्दल ताईइतके थोड्याच लोकांना ठाऊक होते, ती तिने खाटेशेजारच्या स्टुलावर बसून पाहिली.

शेवटच्या सकाळी त्याने डोळे उघडले. "आज गुरुवार का?"

"हो," ताई म्हणाली. गुरुवार नव्हता.

त्याने पांघरुणाखालून हात काढला आणि तिच्यापुढे सरळ केला, कोपराची आतली बाजू वर. तिने तो धरला आणि तीन प्रश्न विचारले नाहीत.

दुपारी वॉर्डाबाहेर भावजय तिच्या शेजारी उभी राहिली. "वन्सं, मी फोन केला होता तुम्हाला." स्वरात आरोप नव्हता, नुसती नोंद होती.

"केला होतास," ताई म्हणाली. त्यापुढे काही बोलली असती, तर तो बचाव झाला असता.

चाचणी बंद झाली. आधीचे छापलेले निष्कर्ष मागे घ्यायचे, तर कारण द्यावे लागते. आकडेतज्ज्ञाने मसुदा करून आणला: नियंत्रण मूल्यांत कालपरत्वे अस्थिरता आढळल्याने निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत.

"अस्थिरता म्हणजे काय?" ताईने विचारले.

"मॅडम, अशा वेळी असंच लिहितात. घरचं कशाला त्यात..."

"वाचणाऱ्याला कारण कळलं पाहिजे. नाहीतर तो पुन्हा हेच करेल."

तिने ती ओळ खोडली आणि खाली स्वतः लिहिले: रुग्णांच्या पेशी सुधारल्या नव्हत्या. ज्या एका माणसाला निरोगी धरून आम्ही त्या मोजल्या, तो आजारी होता. तो माझा भाऊ होता. त्याला मी तपासले नाही.