ह्यांच्या टाचांची जागा

टेलरबाईंचे यजमान जाऊन वर्ष झालं, तरी त्यांची खुर्ची हिरवळीवर होती तिथेच होती. जन्मभर हा माणूस संध्याकाळी तिथे बसून टाचा घासायचा. "अहो, पाय उचला, गवत जातंय," बाई शिलाई मशीनवरून ओरडायच्या. ऐकतंय कोण! खुर्चीपुढे ताटाएवढी जागा उघडी पडली ती पडलीच. आता बाई त्या मातीकडे बघतच चहा प्यायच्या.

यंदा नेमकी तिथेच मातीत घर करणाऱ्या मधमाश्यांनी भोकं पाडली. लेकीला फोनवर कळलं मात्र, तिने सुनावलं, "आई, औषध मार. नाहीतर छोटीला घेऊन मी यायची नाही."

नात चालायला लागली होती आणि बाईंनी तिला अजून हातात घेतलेलं नव्हतं. पण ह्यांच्या जागेवर विष ओतायचं? त्यांचा जीव होईना. त्यांनी धाकट्या दिराला बोलावलं. हा दीर बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"वहिनी, या माश्यांचं पोळं नसतं, प्रत्येकीचा आपला वेगळा संसार. चिरडल्याशिवाय चावायच्या नाहीत. थोडे आठवडे दम धरा, आपसूक जातील. मग इथे गवत पेरा, पाणी घाला. पुढच्या वर्षी नव्या निघतील, त्यांना उघडी, कोरडी माती लागते. तेवढी कुंपणाच्या कोपऱ्यात करून ठेवा, तिकडे जातील."

"म्हणजे ह्यांची ही जागा बुजवायची?"

दिराने खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

बाईंनी लेकीला थोडं उशिरा यायला सांगितलं. माश्या गेल्यावर बी पेरलं. माणूस गेला, आता त्याच्या टाचाही आपणच पुसायच्या, असं मनात येऊन त्यांना रडू आवरेना. मग त्यांनी खुर्ची उचलून कोपऱ्यात नेली. दीर म्हणाला, तिथली माती उघडी करणं खुरप्याने दोन मिनिटांचं काम आहे. बाईंनी खुरपं घेतलंच नाही. रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून टाचा घासू लागल्या. ह्यांना यात काय सुख मिळायचं, ते त्यांना आत्ता कळत होतं आणि सांगायला हे नव्हते.

लेक आली. छोटी कोवळ्या गवतावर धडपडत पळत सुटली. बाई कोपऱ्यातून बघत होत्या.

"आई, पाय उचल, गवत जातंय," लेक दारातून म्हणाली आणि आपलेच शब्द ऐकून थबकली.

बाईंनी पाय उचलले नाहीत. लेक येऊन खुर्चीला टेकून खाली बसली, चपला काढल्या.

"सरक जरा," म्हणाली, आणि तिनेही टाच मातीत घातली.