दुपारचा खेळ

सगळं थिएटर हसलं तसा प्रफुलही हसला, पण किंचित उशिरा. तोवर शेजारी मंजुषाचं हसून झालं होतं.

मोबाइलवर तिकिटं काढताना त्याने वेळ पाहिली, खुर्च्या पाहिल्या, भाषा पाहिली नाही. सिनेमा तेलुगू निघाला, आणि त्याला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत तसं सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण भद्रावतीहून चंद्रपूरला येताना एसटीत त्याने भरपूर अक्कल पाजळली होती. घरी पाहिलेला अमका सिनेमा कसा रटाळ, तमक्यातली हिरॉईन कशी लाकडी, सिनेमा कळायला डोकं लागतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार? मोहर्लीच्या जंगलात सफारीची जिप्सी चालवणारा हा गडी वाघ दिसला नाही तरी पर्यटकांना तासन्‌तास आशेवर ठेवायचा. इथे मात्र त्याचा पाय एकसारखा हलत होता. आज संध्याकाळी ती लग्नाला होकार की नकार ते सांगणार होती, आणि त्याला ती फार आवडली होती.

मध्यंतरात तिने विचारलं, "आवडून राह्यला का पिक्चर?"

"एकदम भारी," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती पॉपकॉर्न खायला लागली.

भद्रावतीला घरी पोचल्यावर तिच्या वडिलांनी, गुणवंतरावांनी, त्याला खुर्ची दिली आणि नेमकं तेच काढलं.

"मंग, कसा होता जी पिक्चर? स्टोरी काय हाय?"

प्रफुलने सुरू केलं. हिरो गावी येतो, हिरॉईनवर त्याचा जीव जडतो. पण एक निळ्या शर्टवाला तिच्या मागे लागलेला असतो. हिरो त्याला बदडतो. शेवटी ती डोळ्यांत पाणी आणून हसते, म्हणजे होकार देते. सांगता सांगता त्याला रंग चढला. हिरॉईनचं कामही त्याने वाखाणलं.

आत स्वयंपाकघरातून मंजुषाच्या आईने, चंदाबाईंनी, तिला काहीतरी विचारलं. मंजुषाने उत्तर दिलं. मग दोघी हसल्या. प्रफुल बोलता बोलता थांबला. ही भाषा तो दुपारभर ऐकत होता.

"हिची माय सिरोंच्याची हाय ना," गुणवंतराव म्हणाले. "दोघी जमल्या का तेलगूच सुरू होते."

बायोडाट्यात मामाचं गाव लिहिलेलं होतं. प्रफुलने फोटोच तेवढा पाहिला होता. त्याचे कान तापले. उठावं आणि थेट मोहर्ली गाठावी असं वाटलं.

मंजुषा चहा घेऊन आली.

"तुले कसा वाटला वं?" वडिलांनी विचारलं.

तिने कप प्रफुलच्या हातात दिला.

"यायनं सांगतला तसाच हाय," ती म्हणाली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. त्याला माफी मागायची होती, पण तीच हळूच बोलली.

"निळ्या शर्टवाला तिचा भाऊ होता. अन् शेवटी ती नाई म्हनते हिरोले."

"काऊन?"

"तो खोटं बोलला होता म्हून."

आता लग्नाचं विचारायची त्याची छाती नव्हती.

"तुले समजत होतं, तं तिथीच काऊन नाई सांगतलं?" तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही एवढे मन लावून हासून राह्यले होते."

तिने फाटकाची कडी काढली. तो बाहेर पडला. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

"पुढच्या टायमाले तिकीट मी काढीन," ती आतून म्हणाली.