पंपखोलीतला संगणक

रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सकाळचे सात. स्थळ : धायरी, पुणे, आमच्या सोसायटीची पंपखोली. मित्रांनो, मी एक जुना, पत्त्यांच्या कॅटाएवढा लहान, स्वस्त संगणक आहे. आणि त्या सकाळी मला ठेवायचे की काढायचे, हे ठरणार होते.

निवृत्त अभियंते यज्ञेश्वरराव यांनी माझ्यात जगाने कधीच मागे टाकलेली ऑपरेटिंग सिस्टिम घातली होती. तिची रीत खो-खोची. प्रत्येक प्रोग्रामने थोडे काम करून पुढच्याला आपणहून खो द्यायचा. न दिल्यास बाकीच्यांनी बसून राहायचे. या रीतीने चार वर्षे मी पंप सुरू केला आणि गच्चीवरची टाकी भरताच बंद केला. प्रारंभी कौतुक झाले, पुढे अंगावर कोळिष्टके चढली; पाणी मात्र चुकले नाही.

सचिव दिगंबररावांना मी खुपत असे.

"अहो, जगात कुणी वापरत नाही ते आमच्याच टाकीला का?"

"जग वापरतं म्हणून ते योग्य, हे कोणत्या तर्कशास्त्रात लिहिलंय?"

"ते राहू द्या. पंप सुरू झाल्याचा निरोप मोबाइलवर येईल का, तेवढं सांगा."

ईर्ष्येला पेटून यज्ञेश्वररावांनी निरोपाचा प्रोग्राम एका बैठकीत लिहिला. रविवारी अध्यक्षा शालनताईंसमोर त्याची परीक्षा होती.

पंप सुरू झाला. निरोपाचा प्रोग्राम उठला. नेटवर्क नव्हते, म्हणून तो वाट पाहत राहिला. खो काही देईना. गच्चीवरून टाकी भरल्याचा संकेत आला, पण पंप थांबवणारा प्रोग्राम बसलेलाच! भिंतीवरून पाणी कोसळू लागले. पंप जिच्यातून पाणी ओढतो ती खालची टाकी रिती होत होती. पंप कोरडा फिरून जळाला असता, तर साठ बिऱ्हाडे पाण्यावाचून राहिली असती. मला सारे कळत होते आणि काहीही करता येत नव्हते.

"वा! इमारतीला अभ्यंगस्नान," दिगंबरराव म्हणाले. "मोबाइल मात्र कोरडा."

"थांबा, माझी प्रणाली चुकत नाही!"

पंपाचा आवाज घरघरू लागला. शालनताईंनी पुढे होऊन मुख्य खटका खाली ओढला.

यज्ञेश्वररावांनी आपला प्रोग्राम ओळीओळीने वाचला. मग चष्मा काढला. "खो देण्याची ओळ मीच लिहिली नाही."

मित्रांनो, यंत्राला सौजन्य माणसानेच शिकवायचे असते. म्हणून घाईत लिहिलेले एकदा तरी पुन्हा वाचत जा.

शालनताई म्हणाल्या, "संगणक राहील. निरोप काढून टाका. आणि यज्ञेश्वरराव, यापुढे तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय यात जायचं नाही."