टाकीचं पाणी

लेक जुलाबांनी गेली त्याला तीन महिने झाले होते. शिवणकाम करणारी म्हणून वस्ती तिच्या आईला शिलाईवालीच म्हणायची. एका सकाळी शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा घेऊन ती शाळेत निघाली, तर भिंतीवरच्या पोस्टरात तिचाच चेहरा. दवाखान्याच्या व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसलेली ती, आणि खाली ठळक अक्षरांत : 'हिने हात धुतले नाहीत. तुम्ही धुता ना?'

त्या दिवशी कुणी फोटो काढला, तिला कळलंही नव्हतं.

आठवड्याभरात जावेने आपली मुलं तिच्याकडे जेवायला पाठवणं बंद केलं. सासू स्वतःचा तांब्या वेगळा ठेवू लागली.

ती पोस्टर लावणाऱ्या हात धुवा मोहिमेच्या ऑफिसात गेली. तिथले साहेब मऊ बोलले. चेहरा फार बोलका आहे म्हणाले, लोक थांबून वाचतात, चार मुलं वाचली तर तुम्हालाच बरं वाटेल. आपण रोज साबणाने हात धुवायचो, वस्तीच्या पाण्याच्या टाकीतच कबूतर मरून पडलं होतं, हे तिने परोपरीने सांगितलं. पाणी आमच्या खात्यात येत नाही, एवढं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

तिथून तिने मनात डूख धरला.

महिनाअखेरीला चौकात हात धुण्याचं प्रात्यक्षिक होतं. वरचे अधिकारी, माइक, मंचावर टाकीच्या पाण्याचा नळ. साहेबांनी साबण लावून वीसपर्यंत आकडे मोजले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात शिलाईवाली मंचावर चढली, त्याच नळाखाली पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

"प्या, साहेब. हात धुऊन आलेय मी."

साहेबांनी पेल्यात पाहिलं. गढूळ पाणी, तळाशी गाळ. हसून ते म्हणाले, तहान नाही.

"माझ्या लेकीला लागायची."

गर्दीतून जाऊच पहिल्यांदा बोलली, पिऊ दे की. मग सगळेच म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मान दुसरीकडे वळवली. साहेब घामाघूम झाले, पण पेल्याला हात लावेनात.

दुसऱ्या दिवशी टाकी उपसली. पोस्टरं लोकांनीच फाडली. साहेबांची बदली झाली.

जाण्याआधी ते दारात आले, चूक झाली म्हणाले. तिने मशीन थांबवलं नाही की बसा म्हटलं नाही. ते दारातूनच परत गेले. सासूने त्या दिवशी तिच्याकडे पाणी मागितलं. तिने दिलं. मनात मात्र एकच रुखरुख होती : त्या माणसाला एक घोट तरी पाजायला हवा होता.