ओली फरशी आणि पहिला रोजा

दिवस मावळायला आला तरी जहीदाची शेवटची ओळ राहिलीच होती. स्वयंपाकघराची फरशी ती समोरच्या भिंतीपासून एकटीनं बसवत, मागे मागे सरकत आली होती. आता उंबऱ्याशी गुडघे टेकून थापीनं सिमेंटचा मसाला पसरायचा, टाइल टेकवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, पाणसळ ठेवून बुडबुडा बघायचा. बुडबुडा मधोमध आला तरी पुन्हा बघायचा. कान मात्र टीव्हीकडे. चंद्र दिसला तर उद्यापासून रोजे, नाही तर परवापासून.

रमजानच्या तोंडावर गल्लीत घरोघरी स्वयंपाकघराला रंग लागला होता. जहीदानं रंगावर भागवलं नव्हतं. जुना ओटा फोडला, नवा बांधला, भिंतींना टाइल लावल्या. सगळं मोबाइलवर बघून बघून. लग्न झाल्यापासून पहिल्या रोज्याची जारी, म्हणजे भाजलेल्या हिरव्या गव्हाचा तो दाट रस्सा, खाली सासूबाईंच्या चुलीवर शिजायची. कांदे जहीदा चिरायची, डाव सासूबाईंच्या हाती. "यंदा पहिली जारी माझ्या ओट्यावर," असं ती सगळ्यांदेखत बोलून बसली होती. सासूबाई, उम्मेलखीर, एवढंच म्हणाल्या होत्या, "बघू."

कामाचा हिशेब तिनं औषधाच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर मांडला होता. त्यात पहिला रोजा परवा छापला होता. उम्मेलखीरनी तेव्हाच टोकलं होतं, "चंद्र काय छापखान्यात उगवतो का गं? एक दिवस हातचा ठेव."

टीव्हीवर घोषणा झाली. चंद्र दिसला होता. गल्लीत बायकांनी आनंदाचे सूर काढले, आणि जहीदा हातात शेवटची टाइल धरून तशीच बसून राहिली.

वाळवंटातल्या तेलविहिरीवरून नवऱ्याचा, लखदरचा फोन आला. "मुबारक! झालं का स्वयंपाकघर?"

"झालं. फक्त आत जाता येत नाही."

सकाळी तिनं एका टाइलवर अंगठा दाबला. टाइल हलली, कडेनं मसाला वर आला. डोंगरावरच्या कॉन्स्टन्टाइन शहराची फेब्रुवारीतली थंडी. मसाला सुकणार कसा? उंबऱ्यात बसून तिनं केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं. टाइल कोमट झाली, मसाला होता तसाच. फळी टाकून ओट्यापर्यंत जावं? एका पावलानं फरशी जन्मभर डुगडुगत राहिली असती. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा अंगठा दाबला. खालून खलबत्त्याचा आवाज सुरू झाला. आज खाली गेले तर पुढच्या वर्षीही खालीच.

"जहीदा!" जिन्यातून सासूबाईंची हाक आली. "कांदे चिरायला येतेस, की फरशीला वारा घालत बसतेस?"

"कांदे चिरून झाले, यम्मा!"

झाले नव्हते. तिनं बाल्कनीतून गॅसची टाकी आणि एकच बर्नर असलेली शेगडी ओढत आणली आणि जिन्याच्या वरच्या चौकात मांडली. पायरीवर पाट ठेवून कांदे चिरले. मांस परतलं, टोमॅटो घातला, हिरवा गहू घातला, पुदिना घातला. वास तळमजल्यापर्यंत गेला आणि खलबत्ता थांबला.

उम्मेलखीर कठड्याला धरून वर आल्या. एप्रनला डाव पुसायची सवय. आजही डाव हातात होताच. त्यांना मधुमेह, त्यामुळे रोजा डॉक्टरांनी बंद केलेला. घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप असताना मीठ चाखायचा मान त्यांचा.

"जिन्यात चूल? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, उम्मेलखीरच्या सुनेचं स्वयंपाकघर एवढं मोठं झालं की घरात मावेना."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. पायरीवर बसल्या, डावभर रस्सा फुंकून चाखला. "मीठ कमी आहे."

जहीदाचा हात सवयीनं मिठाच्या डबीकडे गेला आणि थांबला. तिला स्वतःला चाखता येत नव्हतं. पण मीठ तिनं घातलं होतं, आपल्या अंदाजानं. तिनं डबीचं झाकण लावलं.

"राहू दे, यम्मा."

उम्मेलखीरनी डाव पुसून मांडीवर ठेवला. खाली मात्र गेल्या नाहीत.

सूर्यास्ताची अजान झाली. खालून धाकटा दीर नसीम बायकामुलांना घेऊन वर आला. खजूर, दूध झालं, आणि सगळे वाट्या घेऊन पायऱ्यांवर बसले. जहीदा खाईना; ती प्रत्येकाच्या हाताकडे बघत होती. नसीमचा हात डबीकडे गेला. त्यानं डबी उचलून बाजूला सरकवली. त्याला वाटी टेकवायला जागा हवी होती.

मग तिनं पहिला घोट घेतला.

मीठ कमीच होतं. समोर उम्मेलखीर मान खाली घालून, डबीकडे न बघता, वाटीचा तळ खरवडत होत्या.