पिंपातले चष्मे

पिंपात चष्मा पडला की टाळ्या वाजायच्या. लाकडाच्या वखारीवरच्या त्या हॉलमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीने उभी असत. समोर टेबल, टेबलावर डोळे तपासायचं मशीन, शेजारी पत्र्याचं पिंप. नंबर उतरलेल्या मुलाने पुढे यायचं, दोन चिठ्ठ्या दाखवायच्या आणि चष्मा पिंपात टाकायचा.

"पहिल्या दिवशी किती?" दृष्टीबाबा चिठ्ठी उंच धरून विचारत.

"साडेचार," मुलाची आई सांगे.

"आणि आज?"

"शून्य," अख्खा हॉल म्हणे.

"आणि आजची चिठ्ठी माझ्या मशीनची नाही हं. मी सांगितलेलं खरं मानू नका. समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली आहे. खाली सही बघा."

ती सही माझी होती.

दवाखान्यातलं मशीन मी चालवते. हनुवटी टेकवायची, आत रस्त्याच्या टोकाला एक छोटं घर दिसतं त्याच्याकडे बघायचं, बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर. माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल, असं मीच लोकांना ऐकवत आले. आमच्याकडे पूर्वी नियम होता, अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या डोळ्यात आधी थेंब घालायचे, पाऊण तास बसवायचं आणि मग तपासायचं. पण थेंब झोंबतात, मुलं रडतात, दिवसभर अंधुक दिसतं, आया आमच्याशी भांडतात, आणि बाकावर जागा तिघांची. दोन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं, तेव्हा विकणारा म्हणाला, याला थेंबाबिंबांची गरज नाही. आम्हाला तेच ऐकायचं होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

बाबांचा उपचार असा. पहिल्या दिवशी 'दृष्टी उघडायचे' दोन थेंब, मग त्यांच्या मशीनवर तपासणी. पुढचे सात दिवस तळहात डोळ्यांवर ठेवून हिरव्या दिव्यासमोर बसणं. आठव्या दिवशी आमच्याकडे. बाबा फक्त अधिक नंबरवाले घेत, म्हणजे ज्यांना बहिर्गोल भिंगं लागतात ते, आणि तेही पंचविशीच्या आतले. आमचे शिपाईकाका वाचायचा चष्मा घेऊन दोनदा रांगेत उभे राहिले आणि दोनदा परत आले. "वय झालेले डोळे हट्टी असतात," बाबा म्हणाले. उणे नंबरवाल्यांना सांगत, "तुमची दृष्टी आत वळलेली आहे, तिला हात लावायचा नसतो." मला तेव्हाच खटकलं होतं. पण शून्याची चिठ्ठी माझ्याच मशीनमधून निघत होती, मग बोलायला तोंड कुठे होतं?

माझ्या भावाची मुलगी, आमची छकुली, साडेआठ वर्षांची. वर्गात तिला भिंगवाली म्हणत. ती हसण्यावारी न्यायची, भावाच्या मात्र जिव्हारी लागायचं. फ्रिज दुरुस्तीचं काम करणारा तो, एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बाबांच्या हॉलमध्ये पोचला आणि रांग सांभाळायला लागला. आठव्या दिवशी तिला माझ्याकडे घेऊन आला. चिठ्ठी निघाली, शून्य. भाऊ तिथेच रडला. मीही पोरीला जवळ घेतलं. त्या संध्याकाळी तिचा गुलाबी चष्मा पिंपात पडला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

पाचव्या आठवड्यात ती शाळेतून थेट दवाखान्यात आली. हाताने एक डोळा झाकलेला.

"आत्या, सगळं दोन-दोन दिसतं. एक झाकला की बरं वाटतं."

मी हात बाजूला केला. डावं बुबुळ पार नाकाशी जाऊन बसलं होतं. तिला मशीनसमोर बसवलं. शून्य. परत बसवलं. शून्य. तिसऱ्यांदा बटण दाबलं. तेच. मशीन म्हणतंय डोळा ठणठणीत, आणि पोर समोर तिरळी बसलीय. शेवटी कपाटात मागे पडलेली थेंबांची बाटली काढली, तारीख बघितली आणि घातले.

"हे दृष्टीबाबांचेच थेंब," छकुली डोळे मिटून म्हणाली.

"कशावरून?"

"असेच झोंबले होते. आणि त्या दिवशी पण उजेड सहन होत नव्हता, पुस्तक दिसत नव्हतं. बाबा म्हणाले, दृष्टी उघडतेय."

पाऊण तासाने चिठ्ठी निघाली. पावणेपाच.

मी शून्याची आणि ही चिठ्ठी शेजारी शेजारी धरली. लहान वयात डोळ्याच्या आतल्या स्नायूत भरपूर जोर असतो. तो आवळून धरला की अधिक नंबर लपतो. शिंप्याला माप देताना माणूस पोट आत ओढून धरतो ना, तसं. मशीनमधलं ते छोटं घर बघताना तर मुलं हमखास आवळतात. थेंबांनी स्नायू सैल पडतो आणि खरं माप बाहेर येतं. चष्म्याशिवाय दिवसभर आवळत राहिलं, की डोळा नाकाकडे ओढला जातो. म्हातारपणी हा जोरच उरत नाही, म्हणून शिपाईकाका परत पाठवले गेले. उणे नंबर तर आवळून लपतच नाही, म्हणून तेही नकोत. बाबा आधी थेंब घालून मोजत होता, आणि नंतरचं थेंबांशिवाय मोजायला मुलं माझ्याकडे पाठवत होता. दवाखाना थेंब घालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर आले तेव्हा योग्य भिंग लावूनही छकुलीचा डावा डोळा तक्त्यावरच्या चौथ्या ओळीखाली उतरेना. "उशीर करू नका," ते म्हणाले. "मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडतोय. कायमचं सोडलं, तर मग चष्माही काही करू शकणार नाही." मी रजिस्टर उघडलं. बाबांकडून आलेली एकेचाळीस मुलं. एकेचाळीस शून्यं, सगळ्यांखाली माझी सही.

भावाला सगळं सांगितलं.

"ताई, तूच तर चिठ्ठी दिली होतीस."

"हो. खोटी दिली. मला माहीत नव्हतं, पण होती खोटीच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हॉलमध्ये गेलो. मी टेबलाजवळ जाऊन सगळ्यांना म्हटलं, "ती सही माझी आहे. ती मी मागे घेते. बऱ्या झालेल्या कुठल्याही मुलाला आज परत थेंब घालून तपासा."

बाबा हसले. "बाई, एकदा उघडलेली दृष्टी पुन्हा उघडायची नसते."

मागून एक शिंपीणबाई लेकीला हाताशी धरून पुढे आल्या. "माझ्या मुलीला घाला. सतरा वर्षांची आहे. चष्मा टाकल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येत नाही. रोज डोकं धरून बसते. मला वाटलं, कामाचा कंटाळा."

मी बाबांची बाटली उचलली, सोनेरी कागद नखाने खरवडला आणि खालचं औषधाचं नाव मोठ्याने वाचलं. आमच्या कपाटातलंच औषध होतं. थेंब घातले. पाऊण तास बाबा प्रकाशकिरण, मनाची मलिनता आणि अविश्वासाचा धूर यांवर बोलत राहिले. मग त्यांच्याच मशीनने चिठ्ठी दिली, पावणेचार.

"बघा," बाबा म्हणाले, "हिच्या संशयाने नंबर परत आला."

"दोन दिवसांनी थेंब उतरले की परत शून्य येईल," मी म्हटलं. "माझा संशय तेवढाच टिकतो का?"

आमच्यामागून आलेले शिपाईकाका खो खो हसले. बाकी कुणी हसलं नाही, कारण एव्हाना आया आपापल्या मुलांचे डोळे न्याहाळू लागल्या होत्या. मागच्या जिन्याने बाबा कधी सटकला ते कुणाला कळलं नाही.

भावाने पिंप आडवं केलं. चाळीसेक चष्मे फरशीवर पसरले, आणि ज्यांनी इतके आठवडे टाळ्या वाजवल्या होत्या ती माणसं गुडघ्यांवर बसून त्यांत हात घालू लागली. काचा चरचरत होत्या. कुणीतरी रडत विचारत होतं, निळ्या काडीचा कुणाला दिसला का. भावाला गुलाबी चष्मा सापडला, एक काडी तुटलेली. त्याने तो छकुलीच्या नाकावर धरला. डावं बुबुळ हळूहळू नाकापासून सरकलं आणि मधोमध येऊन थांबलं.

कुणीतरी टाळी वाजवली.

"नको," मी म्हटलं. "याला भिंग म्हणतात."

आता रोज संध्याकाळी डावा डोळा कामाला लागावा म्हणून तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावून मी तिला वाचायला बसवते. कालपर्यंत ती चौथ्या ओळीवरच आहे. डॉक्टर वर्षभर बघू म्हणतात, खात्री देत नाहीत. मी थेंब परत सुरू केलेत. एकेचाळिसांपैकी तेहतीस घरं सापडली, बाकीची शोधतेय.

तुमच्या मुलाची चिठ्ठी शून्य आली तर आनंद करा, पण आधी एवढं विचारा, तपासण्यापूर्वी थेंब घातले होते का. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा. मशीनमागे बसलेली बाई घाईत असेल, वसकन अंगावर येईल. तरी तिला विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.