आप्पारावचा इन्साफ

"न्हाई म्हंजे न्हाई. औंदा बारी राणीची हाय, राणीच येईल," आप्पाराव म्हनला आन त्यानं सोयाबीनची मूठ धरून इळा मारला.

परतीचा पाऊस चार दिस धिंगाना घालून नुकताच गेला हुता. काळ्या रानात चप्पल घालून पाय टाकला की पाय वर यायचा, चप्पल तितंच ऱ्हायची. म्हनून समदे अनवानी. वरून ऊन असं की शेंगा तडकायला लागल्या हुत्या. मी आप्पारावच्या शेजारची कमलबाई. त्याचा आन माजा शेताच्या धुऱ्याला धुरा आन घराच्या भितीला भीत. त्याच्या घरातलं भांडन ऐकायला मला जावं लागत न्हाई, ते घरबसल्या येतं. त्या दिशी तर मी त्याच्याच रानात सावडीनं काढनी करायले हुते. आज त्याच्यात मी, उद्या माज्यात त्यो.

"आबा, फेब्रुवारीत दहावीचे पेपर हायत," राणी म्हनली. हात थांबिवला न्हाई तिनं.

"मंग तितं पुस्तकं घे संगं. गोपाळ झोपला की वाच."

"त्यो कदी झोपतो?"

"ते त्याला इच्यार."

आता बारी कशाची, ते सांगते. आप्पाराव आन त्याची बायकू गोदा दरसाल दिवाळी झाली की ऊस तोडायला कोल्लापूरकडं जातेत आन गुडीपाडव्याला वापस येतेत. लेकरं सहा. थोरली राणी दहावीला, तिच्या मागं ज्ञानेश्वरी आठवीला, ओमप्रकाश सहावीला, आदिनाथ चौथीला, भक्ती पयलीला आन शेंडेफळ गोपाळ दीड वर्साचा. नवरा-बायकू फडात गेल्यावर कोपीवर, म्हंजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्याला सांबाळायला कोनतरी लागतं. बाकीचे गावाकडं आजीपाशी ऱ्हातेत आन एकाला संगं जावं लागतं. जो जातो त्याची शाळा पाच म्हैने बुडती.

दुसऱ्या घरात काय करतेत? थोरल्या पोरीचं नाव शाळंतून काढतेत, तिलाच दरसाल नेतेत, इषय संपला. आप्पाराव तसला न्हाई. त्यो इन्साफाचा मानूस. त्यो सोता पाच भावातला. बापानं मागं एकच इहीर ठिवली, तर पाची भावांनी बाऱ्या पाडल्या. पाच दिसाला एकदा ज्याची त्याची मोटार. वीस साल झाले, इहिरीवर एका शब्दानं भांडन न्हाई. पिकलं बी कुनाचं न्हाई, ती गोष्ट येगळी.

तेच इहिरीचं त्यानं लेकरांना लावलं. पयल्या साली राणी गेली, तवा ती सहावीला. मंग ज्ञानेश्वरी पाचवीत आसताना, मंग ओमप्रकाश चौथीत, मंग गेल्या साली आदिनाथ तिसरीत. जो जायचा त्याच्या वर्गात दिवाळीनंतर जे शिकवलं ते त्याचं कायमचं गेलं. राणीची शेकडेवारी गेली. ज्ञानेश्वरीचे अपूर्णांक गेले. ओमप्रकाशचा भागाकार गेला. आदिनाथचे पाढे गेले. समदे एका जागी बसिवले तर घरात गनित पुरं हुतं, पन परीक्षा एकेकाची घेतेत ना!

मी लय बोलले त्या दिशी. "आरं आप्पा, दहावी हाय पोरीची. गोपाळला ठिव माज्यापाशी. मी काय त्याला खाते का?"

गोदाच म्हनली, "काकू, अजून अंगावर पितंय त्ये. राती मी दिसले न्हाई तर समदं गाव उठवंल."

म्हातारी सारजाबाई, आप्पारावची माय, धुऱ्यावर बसून चुलीपुरत्या काड्या येचत हुती. ती म्हनली, "ज्यानं चोच दिली त्यो चारा बी दील."

"चारा दील, माय. दप्तर कोन दील?" मी म्हनले.

मला राग येतो त्याला कारन हाय. मी सात भैनीतली तिसरी. शाळंच्या दारात गेलेय ते सडा-सारवन करायला. राणी बोरीच्या शाळंत चालत जाते, तीन कोस जाऊन-येऊन, आन संध्याकाळी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचती. तिचा आवाज भितीतून आला की मी माजी भाकर उलटायची इसरते.

दोन दिसानं बोरीचे योगीराज सर आले. फटफटीच्या चाकात चिखल भरून अर्ध्या वाटंपसून ढकलीतच आनली त्यांनी. आंगनात उभे ऱ्हाऊन घाम पुसीत म्हनले, "आप्पाराव, पोरगी हुशार आहे. साठ-सत्तर टक्के घेईल. या वर्षी तिला नेऊ नका."

"सर, च्या घ्या."

"चहा राहू द्या. एकदा दहावी झाली की..."

"दहावी समद्यांचीच येनार हाय, सर," आप्पाराव शांतपनी म्हनला. "आज हिला सूट दिली तर दोन सालानं ज्ञानेश्वरी मागंल. मंग ओमप्रकाश. मंग आदिनाथ म्हनंल, मला तिसरीत नेलं तवा माजी दया कामून आली न्हाई? मी काय सांगू त्याला?"

सर म्हनले, "पण हे वर्ष महत्त्वाचं असतं हो."

"सर, तुमाला लेकरं किती?"

"एकच मुलगी."

"तेच तर. तुमाला इन्साफ करायची येळच येत न्हाई."

सरांनी च्या पिला आन गेले. फटफटी ढकलीत.

राणी दाराआडून ऐकत हुती. ती बाहीर आली. रडली न्हाई, काई न्हाई. म्हनली, "आबा, इहिरीवर बारी बदलून घेता येती ना?"

आप्पारावनं इच्यार केला. "येती. दोगांची राजीखुशी पायजे. आन बदललेली बारी फेडावी लागती."

"मंग मी बदलून घेते."

ती लेकरांपाशी आली. ओमप्रकाश म्हनला, "मला जमनार न्हाई, मी कबड्डीच्या संगात हाय." आदिनाथला तिनं इच्यारलंच न्हाई. त्यो गेल्या साली जाऊन आलाय तवापून कुटं बी ट्रॅक्टरचा आवाज आला की खेळता खेळता पळत येऊन गोपाळला उचलून कडंला घेतो. नऊ वर्साचं लेकरू ते. भक्तीला तर गोपाळ उचलत बी न्हाई. ऱ्हायली ज्ञानेश्वरी. ती भांडे घाशीत हुती.

"ज्ञानी, फुडल्या साली तुजी बारी हाय. तू औंदा जा, फुडल्या साली मी जाते."

ज्ञानेश्वरीनं तांब्या पालथा घातला. "आठवीत नापास करायलेत आता."

"म्हाईत हाय."

"फुडल्या साली जाशील? नक्की?"

"आईची शपत."

"जाते मंग," ज्ञानेश्वरी म्हनली. "पन आदी शेकडेवारी शिकून घे माज्याकडून. मी गेल्यावर कोन सांगल तुला? ओम्याला तर भागाकार बी येईना."

मंग काय, दिवाळीपतोर रोज संध्याकाळी आठवीतली ज्ञानेश्वरी दहावीतल्या राणीला सहावीचं गनित शिकवायली. फळा न्हवता, तर चुलीम्होरच्या राखंत बोटानं. "आक्का, शंभरातले किती, येवडंच बगायचं. लय डोकं लावू नको," असं तिचं सांगनं. मी भितीअल्याड बसून ऐकायची. खरं सांगते, मला बी थोडं थोडं कळायलं हुतं.

दिवाळीचा पाडवा झाला, भाऊबीज झाली, आन मुकादम भगवानराव ट्रॅक्टर घिऊन आला. ट्रॉलीत हांतरुनं, पत्रे, कोंबड्या, आन त्यावर गोपाळला कडंला घिऊन ज्ञानेश्वरी. आप्पाराव खुशीत हुता. म्हनला, "बगा काकू, इन्साफ बी झाला आन कुनाचं मन बी मोडलं न्हाई."

मागं ऱ्हायली म्हनून राणीला आराम हुता असं न्हाई. पाच जनांच्या भाकरी, पानी, म्हातारीचं औशद, आदिनाथच्या शर्टाची बटनं. पहाटं चारला तिची चूल पेटायची. जेवनाचा डबा भरताना इतिहासाचं पुस्तक पिठाच्या परातीला टेकवून ठिवायची. जमलं तसं केलं पोरीनं. पेपराच्या दिशी मी तिच्या हातावर दही ठिवलं आन माज्याच डोळ्याला पानी आलं. तिनं मलाच समजाविलं.

गुडीपाडव्याला आप्पाराव-गोदाचा कोयता वापस आला. ज्ञानेश्वरी काळी पडून आली. शाळंत गेली, परीक्षेला बसली, नापास झाली. जूनात परत परीक्षा घेतली, परत नापास. आप्पाराव म्हनला, "एक साल गेलं तर जाऊ द्या. फुडल्या साली ती घरी ऱ्हानार हाय, भरून काढंल."

राणीचा निकाल लागला. अडुसष्ट टक्के. आमच्या वाडीत आजवर एवडे कुनाला पडले न्हवते. आप्पारावनं जिंतूरहून पेढे आनले आन सहाही लेकरांना मोजून दोन-दोन दिले. राणीला बी दोनच.

राणीनं तिच्यातला एक ज्ञानेश्वरीच्या हातात दिला. "ज्ञानी, तू शिकवलेली शेकडेवारी आली हुती पेपरात. चार मार्कांची."

"आली ना?" ज्ञानेश्वरी पेढा खात म्हनली. "मला इच्यारली असती तर मला बी आली असती."

राणीनं जिंतूरला अकरावीत नाव घातलं. सकाळच्या सहाच्या गाडीनं जायची. कालिजात तिला एका म्याडमनं सांगितलं, तू नर्सिंगला जा. तवापून ती भक्तीच्या मनगटाला धरून नाडी मोजायची. घरात कुनी शिंकलं की राणी धावली. आन ज्ञानेश्वरी परत आठवीत बसायची, आपल्याहून धाकट्या पोरींच्या रांगंत, मागल्या बाजूला.

मंग दिवाळी झाली, सुट्टी सरली. ह्या खेपंला बारी राणीची, फेडायची. कुनी तिला आठवन करून दिली न्हाई, तिनं सोताच पिशवी भरली. वर अकरावीची चार पुस्तकं. गाडीचा पास मला आनून दिला, म्हनली, "काकू, ह्यो ठिवा. आल्यावर घेते." पास म्हैन्याचा असतो हे तिला बी म्हाईत आन मला बी. मी घेतला आन डब्यात ठिवला.

पहाटं ट्रॅक्टर आला. आप्पारावनं कोयते चढिवले, पत्रे चढिवले. राणी गोपाळला घ्यायला वळली, तर गोपाळ जाग्यावर न्हाई. बगतो तर ज्ञानेश्वरी त्याला कडंला घिऊन ट्रॉलीत हांतरुनावर जाऊन बसलेली.

"उतर खाली. बारी माजी हाय," राणी म्हनली.

"बस गं तू घरी."

"ज्ञानी, शपत घेतलीय मी."

"शपत माज्यापाशीच घेतलीस ना? मी सोडते." ज्ञानेश्वरीनं गोपाळचं नाक ओढनीनं पुसलं. "आक्का, माजं तसंबी गेलंच हाय. तुजं कशाला घालवायचं? दोगींचं आर्दं-आर्दं ठिवून काय करायचंय?"

राणी ट्रॉलीच्या फळीला धरून उभी ऱ्हायली. दहावीपसून एकदा बी न रडलेली पोरगी, तितं हमसून हमसून रडली. ज्ञानेश्वरी मात्र कोरडी. म्हनली, "रडू नको, गाडी जाईल तुजी सहाची."

मला लय राग आला. आप्पारावचा यावा तर त्यो बिचारा दोन्ही हातानं डोकं धरून उभा. गोदाचा यावा तर ती तोंड फिरवून पत्रे बांधायली. पंधरा वर्साची पोरगी हिसाबासारखं सांगायली की माजं गेलं, आन तिचं चुकलं म्हनायला आमच्यात एकाला बी तोंड न्हवतं. मी घरात पळत गेले, डब्यातला पास आनून राणीच्या हातात कोंबला. "जा," म्हनले. "पळ."

ती गेली. पिशवीतली पुस्तकं काढून, गाडीकडं पळत गेली.

आप्पाराव मातर ट्रॉलीपाशी घुटमळत ऱ्हायला. त्याचा इन्साफ बिघडला हुता. "काकू, ज्ञानेश्वरीच्या लागोपाठ दोन झाल्या, राणीची एक बुडाली. आता ओमप्रकाशला काय सांगू मी?"

"काय सांगतो म्हंजे?"

"फुडल्या साली त्याची बारी हाय ना. त्यो म्हनंल, आक्काची बुडाली तर माजी बी बुडवा."

"आरं खुळ्या," मी म्हनले, "फुडल्या साली गोपाळ साडेतीन वर्साचा हुईल. अंगनवाडीत बसंल, आजीपाशी झोपंल. मंग कशाची बारी आन कशाचं काय? सुटलं की समदं!"

मी गोदाकडं बगितलं. ती ट्रॉलीत चढायली हुती, एका हातानं फळी धरून, सावकाश, पायाचा अंदाज घेत. वर बसल्यावर तिनं पदर फुडं आलेल्या पोटावरून नीट ओढून घेतला.

आप्पाराव खाली बगत म्हनला, "बारी लागंल, काकू."